काचेमागची अंबी

बी. डी. डी. चाळ, वरळी
१८ ऑक्टोबर १९५९

ती. दादास,
अंबीचा जयभीम.

आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. तू तुझं कळवत जा. मागच्या पत्रात बर्फाबद्दल पानभर लिहिलंस आणि स्वतःबद्दल एक ओळ. आबांनी पत्र स्वतःच वाचलं. रात्रशाळेतलं वाचन अजून शाबूत आहे, फक्त जोडाक्षर आलं की ओठ हलतात. बर्फात उभं राहिलं की कसलाच आवाज येत नाही, असं तू लिहिलंस ते त्यांनी दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, आवाज नसला तर माणसाला झोप कशी लागते? खोकल्यामुळे त्यांनी गिरणी सोडली, पण पहाटेच्या भोंग्याला अजून उठून बसतात.

धम्मदीक्षेचा दिवस चाळीत चांगला झाला. कुशाबाकाका आता आपल्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. त्यांनी पंचशील सांगितलं. बायका पांढरी लुगडी नेसून आल्या होत्या. मीही आईचं नेसले. ट्रंकेत राहून त्याला डांबराच्या गोळीचा वास लागला होता, तरी आबा माझ्याकडे बघत राहिले.

दादा, एक नवल सांगते. मी पोहायला शिकले. डॉक्टरांनी खाऱ्या पाण्यात रोज चालायला सांगितलं होतं, कशासाठी ते तुला माहीतच आहे. दादरच्या चौपाटीवर सकाळी जायची. आपल्या चाळीत मासळी घेऊन येते ती कोळीवाड्यातली चंपामावशी माझ्याबरोबर यायची, कारण एकटी बाई पाण्याकडे चालत गेली की लोक भलतं समजतात. पहिले काही महिने नुसती गुडघाभर पाण्यात चालले. मग एकदा ती म्हणाली, चाललीस पुष्कळ, आता आडवी हो. मी तिचा दंड घट्ट धरला. ती म्हणाली, "मला नको धरू गो. पान्याला धर."

पाण्याला कसं धरणार? मी चिडूनच हात सोडला आणि पाठीवर पडले. कानात पाणी शिरलं, सगळ्या दादरचा आवाज बंद झाला. आणि दादा, पाण्याने मला धरलं. खालून. आई न्हाऊ घालताना मानेखाली हात द्यायची ना, तसं. वर एवढं मोठं आभाळ होतं आणि त्या दोघांच्या मध्ये मी. तुझ्या बर्फात आवाज नसतो म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आबांना हे सांगायला हवं होतं.

होजिअरीत माझं काम बदललंय. शेठनी गंजीफ्राकांबरोबर एक नवा माल काढलाय. शिलाईच्या मशीनवरून काढून मला नमुन्याच्या खोलीत घेतलंय. तिथे कटिंग बघणारी फिलोमिनाबाई आहे, खोताच्या वाडीतली, तोंडाने फटकळ आणि मनाने फार चांगली. नमुन्याच्या खोलीतलं काम म्हणजे काय ते सांगत बसले तर पत्र लांबेल. पुढे केव्हातरी लिहीन.

सुट्टी मिळत नाही असं तू दर वेळी लिहितोस. कुशाबाकाकांचा दगडू तुझ्यानंतर फौजेत भरती झाला, तो दोनदा येऊन गेला.

तुझी,
अंबी


वरळी
१४ फेब्रुवारी १९६०

ती. दादास,
जयभीम.

आबांचा खोकला कमी आहे. तू पाठवलेली लोकरीची बंडी ते मुंबईच्या थंडीत घालतात आणि घामाने भिजतात, पण काढत नाहीत.

आज मागच्या पत्रात टाळलेलं लिहिते. आबा खाली मंडळात गेलेत.

नमुन्याच्या खोलीत शिवलेला माल कुणाच्या तरी अंगावर घालून बघावा लागतो. पडद्यामागे फक्त फिलोमिनाबाई आणि मी. माल म्हणजे बायकांचे पोहायचे पोशाख. बेदिंग सूट म्हणतात त्याला. खांद्यावर दोन पट्टे असतात आणि मांडी सुरू होते तिथे तो संपतो.

एवढं लिहून मी उठले, पाणी प्याले आणि परत बसले. तूही पाहिजे तर तसं कर, पण पुढचं वाच.

पहिल्यांदा घातला तेव्हा आरशाकडे पाठ करून उभी राहिले. आपल्या खोलीतल्या आरशात तोंड दिसतं, फार तर खांदा. एवढी वाढले तरी मी स्वतःला अख्खी कधी पाहिलीच नव्हती. फिलोमिनाबाई म्हणाली, वळ गो. वळले. समोर जी उभी होती ती आईसारखी होती. तसेच रुंद खांदे, तशीच ताठ मान. आईला असं रिकामं उभं राहायला कधी मिळालं नाही, डोक्यावर हंडा नाहीतर मोळी असायचीच. मी बघतच राहिले. लाजायचं राहूनच गेलं.

फिलोमिनाबाईचा भाऊ लॉरेन्स फोटोग्राफर आहे. शेठना जाहिरातीसाठी पाण्यातले फोटो हवे होते. आधी त्यांनी एक मुलगी आणली होती, दिसायला सुरेख, पण पोहण्याच्या तलावाच्या शिडीवरून तिचा पाय खाली उतरेना. ती रडायलाच लागली. तेव्हा फिलोमिनाबाईने माझं नाव काढलं. मला समोर बसवून तिने सगळं नीट सांगितलं: फोटो दुकानात लागतील, पेपरात येतील, लोक बघतील, बोलतीलही. नको वाटलं तर आत्ताच नको म्हण, तुझी नमुन्याची नोकरी कुठे जात नाही. मी विचार करून दुसऱ्या दिवशी हो म्हटलं. मला कुणी भरीला घातलं नाही, दादा. एवढं लक्षात ठेव.

तलाव फोर्टातल्या एका क्लबाचा होता, त्या सकाळपुरता शेठनी घेतलेला. दारावरच्या माणसाने नाव विचारलं. अंबिका बुधाजी जाधव, मी सांगितलं. तो बाजूला झाला. मी तिथेच घोटाळले, आणखी काही विचारतोय का म्हणून. त्याने काही विचारलं नाही. मग मी आत गेले.

समुद्र आपल्याला आत काय आहे ते दाखवत नाही. हे पाणी तळापर्यंत उघडं होतं. निळ्या फरशा मोजता आल्या असत्या. मी उतरले, हात मारला, आणि खाली माझी सावली माझ्याबरोबर पोहायला लागली, एखादी मोठी मासोळी असावी तशी. मला रडू आलं, पण पाण्यात ते कुणाला कळत नाही. वर लॉरेन्स कॅमेऱ्यामागून ओरडत होता, इकडे बघ, हस. मी कसली हसतेय. पण तो म्हणतो फोटोत जो चेहरा आलाय तो हसण्यापेक्षा चांगला आहे. असा चेहरा त्याने चर्चमध्ये पाहिलाय, पाण्यात नाही.

फोटो धुताना मी खोताच्या वाडीत त्याच्या घरी होते. लाकडी जिन्याखाली त्याची काळोखी खोली आहे. लाल दिवा, थाळीत औषध, औषधात कोरा कागद. त्याने थाळी हलवली. आधी काहीच नाही. मग एक काळी रेघ, ती माझी भुवई होती. मग केस, हात, पाणी. कागदातून मी वर आले, दादा, जशी तळाशी बुडी मारून वर येते तशी. हे लोक रोज हे करतात आणि जेवायला बसतात, ह्याचंच मला नवल वाटलं.

आता शेठनी मला वर्षभरासाठी ठेवलंय. ह्या कामाला मॉडेल म्हणतात. माझा धंदा विचारला तर आता तोच सांगायचा.

आबांना मी कपड्याच्या जाहिरातीत फोटो असतो एवढंच सांगितलंय. कुठला कपडा ते नाही.

आणि आता ते, जे आपण दोघांनी चार वर्षांत एकाही पत्रात लिहिलं नाही. माझ्या उजव्या मांडीवर गोळीचा व्रण आहे. बाहेरच्या बाजूला, मिटलेल्या डोळ्यासारखा. परळच्या नाक्यावर त्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि तू मला खांद्यावर टाकून धावत इस्पितळात नेलंस, त्यानंतर तू तो पाय पाहिला नाहीस. मी वॉर्डात असतानाच तू भरती झालास. मी लंगडत नाही, दादा. हे तुला कधी विचारता आलं नाही आणि मला आपणहून लिहिता आलं नाही. थंडीत थोडा ओढल्यासारखा होतो, बाकी चालतो, पळतो, पाणी कापतो.

फोटोत तो व्रण नाही. लॉरेन्सने बारीक कुंचल्याने पुसला, शेठनी सांगितलं म्हणून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा बरं वाटलं. वाटलं, हा तुझ्या ओळखीचा पाय.

उत्तर लिही. कसलंही लिही.

तुझी,
अंबी


वरळी
३ मे १९६०

ती. दादास,
जयभीम.

तुझं दोन ओळींचं पत्र मार्चमध्येच पोचलं. "ते काम सोड. आबांना तोंड दाखवायला जागा ठेव." मी लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण रागात लिहिलं असतं. आता राग नाही. आता सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

आबांना कळलं. मी सांगायच्या आधी कुशाबाकाकांनी सांगितलं. दादरच्या एका दुकानात त्यांनी माझा फोटो पाहिला, काचेमागे, माणसापेक्षा मोठा. ते रागावून आले नाहीत, दुःखी होऊन आले, आणि त्याचंच मला जास्त लागलं. मी चुलीपाशी बसून सगळं ऐकलं. ते म्हणाले, "बुधाजी, महाडला बाबासाहेबांनी बायकांना लुगडं घोट्यापर्यंत नेसायला सांगितलं, तेव्हा तुझी बायको समोर बसली होती. आपल्या बायकांचे पाय गावाने फुकट बघितले. ते झाकायला आपल्याला किती लागलं, आणि ही पोर ते काचेत मांडून बसली."

त्यांचं म्हणणं खोटं नाही, दादा. आईने महाडहून आल्यावर लुगडं खाली सोडलं आणि गावच्या पाटलाने त्यावरून तिला भर रस्त्यात अडवलं, ही गोष्ट तिने आपल्याला किती वेळा सांगितली. मी कुशाबाकाकांना उलट बोलले नाही. एवढंच म्हटलं, काका, आईला पाय उघडे ठेवायला लावत होते. मला कुणी लावत नाही. मला नको वाटेल त्या दिवशी मी झाकीन. ते म्हणाले, बघणाऱ्याला हा फरक कळतो का?

आबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. जेवण पुढे ठेवलं की जेवायचे. मी कामाला निघाले की भिंतीकडे बघायचे. तू जागा ठेव म्हणालास ती जागा मला त्या भिंतीवर दिसायची.

परवा महाराष्ट्र झाला. तुला तिकडे रेडिओवर कळलं असेल, पण मुंबई काय दिसत होती ते रेडिओवर कळायचं नाही. गिरण्यांच्या चिमण्यांना दिव्यांच्या माळा. चाळींच्या गॅलऱ्यांत पणत्या, जणू एकदम दहा दिवाळ्या आल्या. परळपासून दादरपर्यंत माणसांचा पूर, ढोल, लेझीम, अनोळखी माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. आणि मधूनच कुणीतरी एखादा हार घातलेला फोटो छातीशी धरून चालत होतं, गोळीबारात गेलेल्या घरातल्या माणसाचा, आणि त्याच्यासमोर गर्दी आपोआप फाटत होती. मी तसे फोटो बघत होते आणि मनात म्हणत होते, मी उभी आहे. मी ह्यांच्यात नाही, मी चालते आहे.

आबा संध्याकाळी म्हणाले, चल, रोषणाई बघू. माझ्या पुढे चालत राहिले. दादरला प्लाझाच्या अलीकडे वळले तेव्हा मला कळलं की ते रोषणाई बघायला आलेले नाहीत. त्यांनी कुशाबाकाकांकडून दुकान नीट विचारून घेतलं होतं.

काचेच्या आत मोठा दिवा होता. फोटोत मी तलावावरच्या उडी मारायच्या फळीच्या टोकावर बसलेली, पाय पाण्यावर सोडलेले, केस ओले. आबा काचेपाशी गेले. लोक मागून ढकलत होते, कुणी शिट्टी मारत होतं, फोटोला की महाराष्ट्राला कोण जाणे. मी चार पावलं मागे थांबले. मला वाटलं, आता हे वळतील आणि मला न बघता निघून जातील.

ते चेहऱ्याकडे बघत नव्हते. खाली वाकून पायाकडे बघत होते. काचेवर बोट टेकून उजवी मांडी न्याहाळत होते, देवळात लोक दगडावरचं अक्षर न्याहाळतात तसं. मग वळले. डोळे भरलेले होते आणि आवाज चढलेला.

"तुझी खूण कुनी पुसली गं?"

मी सांगितलं, शेठनी पुसायला लावली, चित्रात बरं दिसत नाही म्हणून.

"आज ह्या पोरीच्या पायावर ही सगळी दिवाळी हाय," ते म्हणाले, "आन् तेवढंच पुसलं?"

बाजूला पेढे वाटणारा एक माणूस थांबून ऐकत होता. त्याने आबांच्या हातात पेढा ठेवला. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली घालून पुढे गेला. मला त्या क्षणी मुंबई केवढी आणि आपण त्यात किती आत आहोत, असं काहीतरी वाटलं. नीट लिहिता येत नाही.

काल आबा माझ्याबरोबर खोताच्या वाडीत आले. फिलोमिनाबाईने खुर्ची दिली, चहा दिला, पाव दिला. आबांनी लॉरेन्सला सांगितलं, माझ्या मुलीचा फोटो जसा काढलास तसा मला दे. लॉरेन्सने फोटोची मूळ काच, म्हणजे निगेटिव्ह, काढली, जिच्यावर कुंचला फिरवला नव्हता ती, आणि आबांना घेऊन जिन्याखाली गेला. मी दाराबाहेर बसले. बऱ्याच वेळाने आतून आबांचा आवाज आला, अगदी हळू, आली, आली. जणू मी जन्मत होते.

ते बाहेर आले तेव्हा ओला कागद दोन्ही हातांवर होता. ते म्हणाले, "महाडच्या तळ्याचं मी ओंजळभर प्यालो. पायरीवरनंच. आत पाय टाकायचा धीर नव्हता." एवढंच बोलून फोटोकडे बघत बसले.

हे सगळं गोड झालं असं समजू नकोस. वाटेत येताना त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, हे काम मला आवडलेलं नाही, कुशाबा म्हणतो ते मलाही वाटतं. पण तू केलंयस तर मान वर करून कर. मंडळातल्या दोघी बायका माझ्याशी बोलत नाहीत. शेठना मी आज सकाळी सांगितलं की पुढच्या फोटोत खूण पुसायची नाही. ते म्हणाले गिऱ्हाइकाला सुट्टीची मजा बघायची असते, गोळी नाही. मी म्हटलं, मग दुसरी शोधा. शेवटी त्यांनी सुचवलं की डाव्या बाजूने काढू, म्हणजे पुसायलाही नको आणि दिसायलाही नको. मी कबूल झाले. पुढच्या महिन्यात फोर्टातल्या हॉटेलात नव्या मालाचा शो आहे. तिथे मात्र मला लोकांसमोर चालायचं आहे, आणि चालणाऱ्या माणसाला एकच बाजू नसते. ते शेठच्या अजून लक्षात आलेलं नाही. फिलोमिनाबाईच्या आलंय. ती हसते.

लॉरेन्सने दोन प्रती काढल्या. एक आबांनी ट्रंकेत आईच्या लुगड्यात ठेवली. दुसरी ह्या पाकिटात आहे. आबांनीच सांगितलं, दौलतला पाठव. उघडताना एकटा असशील तर बरं. नको वाटलं तर चेहऱ्यावर बोट ठेव आणि नुसता पाय बघ. त्यांनी तसाच बघितला.

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नाही, कारण ती मलाच माहीत आहे. नाक्यावर तू माझा हात घट्ट धरला होतास. गर्दीत तो सुटला म्हणून तू स्वतःला तिकडे बर्फात नेऊन उभं केलंस, हे मला कळतं. तो सुटला नाही, दादा. मी सोडवून घेतला. पुढे झेंडा दिसत होता आणि मला तो जवळून बघायचा होता. ह्यात चूक कुणाचीच नाही, तुझी तर नाहीच. मला बघायचं होतं. अजूनही मला बघायचंच असतं.

सुट्टी माग. आबा विचारत नाहीत, पण तू गेलास तेव्हापासून तुझी वळकटी दर रविवारी उन्हात घालतात. ह्या वेळी आलास की सकाळी मी तुला दादरला घेऊन जाईन. तू नुसता काठावर बस. मी लांब जाऊन परत येईन, तेवढं बघ.

तुझी,
हात सोडवून पुढे गेलेली,
अंबी